ओळखीचा शब्द हाताशी कसा येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले तीन महिने तुम्ही रोज 20 इंग्रजी शब्द अर्थासकट वहीत उतरवून पाठ करताय. वहीत आता 1,800 शब्द झालेत. वाचताना त्यांतला एखादा समोर आला की ‘हा कुठेतरी पाहिलाय’ एवढंच वाटतं, अर्थ काही नेमका आठवत नाही. लिहायला बसलं की ‘गुड’, ‘इम्पॉर्टंट’, ‘व्हेरी’ आणि ‘थिंग’ यांच्यापलीकडे हात जात नाही. बातम्या समजतात, पण अग्रलेख किंवा दीर्घ निबंध हाती घेतला की दमछाक होते. म्हणून तुम्ही विचारलंय की रोजचे शब्द 20 वरून 40 करावेत, की लॅटिन-ग्रीक धातू पाठ करायला घ्यावेत.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. तुमच्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. तुमच्याकडे अर्धवट ओळखीच्या शब्दांचा ढीग झालाय, आणि रोज 40 केले तर तो दुप्पट वेगाने वाढेल, इतकंच. शब्द पाहून अर्थ आठवणं हे एक कौशल्य. मनात अर्थ असताना योग्य शब्द सुचणं हे दुसरं. यादी पाठ करताना फक्त पहिल्याचा सराव होतो, आणि तोही कच्चा. कारण यादीत शब्दाला जागा असते. ‘डाव्या पानावर, खालून तिसरा’ या खुणेवरून अर्थ आठवतो आणि आपल्याला वाटतं की शब्द आला. तोच शब्द लेखात भेटला की ती खूण नसते आणि पाटी कोरी होते.

दुसरी फसवणूक पुन्हापुन्हा वाचण्याची. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग इथे लागू पडतो. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण पुन्हा वाचण्याऐवजी ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते आठवड्याने पुढे होते. वही चाळताना ‘येतंय की सगळं’ असं वाटतं ते या पहिल्या पाच मिनिटांचं यश असतं. म्हणून वही चाळणं आजपासून बंद करा. झाकून आठवा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो. इंग्रजी कशासाठी हवंय हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच ठरतं. जीआरईसाठी, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी, शब्द ओळखता येणं मोठं काम करतं. तिथे 2011 पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद झालं, शब्द वाक्याच्या संदर्भात येतात. पण तुम्हाला ते स्वतः लिहायचे नसून निवडायचे असतात. तेवढ्यापुरता वेग वाढवला तरी चालतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि बोलण्यात शब्दसंपत्तीला चारपैकी एका निकषाचं, म्हणजे पाव भाग, वजन आहे. आणि वरच्या बँडच्या, म्हणजे गुणश्रेणीच्या, वर्णनात दुर्मीळ शब्दांइतकंच ‘कोलोकेशन’चं, म्हणजे शब्दांच्या नेहमीच्या जोड्यांचं, भान तपासलं जातं. कामाच्या ठिकाणी अहवाल, पत्रव्यवहार आणि चर्चा यांसाठी हवं असेल तर तुमच्या क्षेत्रातलं वाचन हाच पाया. तुमची तक्रार लिहिताना शब्द न सुचण्याची आहे, म्हणून पुढचं सगळं वापरात येणाऱ्या शब्दांना धरून लिहितोय.

किती शब्द लागतात याचा अंदाज असला की घाई कमी होते. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये केलेल्या मोजणीनुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र शब्दकोशाविना वाचायला साधारण 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं: ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे एकच कुटुंब. या आकड्यामागचं गृहीतक असं की मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असले तर वाचन सुरळीत चालतं. म्हणजे 50 शब्दांत एक अनोळखी.

हाच हिशेब वाचनाचं साहित्य निवडायला वापरा. साधारण 300 शब्दांचं एक पान घ्या आणि अनोळखी शब्द मोजा. सहापर्यंत असतील तर ते लेखन आरामात, भरपूर वाचायचं. सहा ते पंधरा असतील तर ते अभ्यासाचं. रोज एक-दोन पानंच. पंधराच्या वर गेले तर तो मजकूर सहा महिन्यांनी पुन्हा उघडा. बरेच जण इथेच चुकतात. ‘ॲडव्हान्स्ड’ व्हायचं म्हणून अवघडातलं अवघड पुस्तक हाती घेतात, दर ओळीला अडखळतात आणि शब्दांना संदर्भच मिळत नाही, कारण संदर्भाचे शब्दही अनोळखी असतात.

शब्द निवडायचे कसे? एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट आधी तपासा. तिच्यात फक्त 570 शब्दकुटुंबं आहेत आणि अभ्यासपर लेखनातला सुमारे दहावा हिस्सा तेवढ्यांतच येतो. ‘सब्सिक्वंट’, ‘इन्हेरंट’, ‘ॲम्बिग्युअस’, ‘कन्स्ट्रेन’, ‘कोइन्साइड’ हे त्यांतले. यांतले बहुतेक तुम्हाला ‘माहीत’ असतील, पण गेल्या महिन्याभरात स्वतःच्या वाक्यात किती वापरलेत ते पाहा. तिथेच तुमचं पहिलं वर्षभराचं काम आहे. दुर्मीळ, भारदस्त शब्दांच्या मागे लागण्यापेक्षा हे शब्द हातात बसवले तर लेखनात फरक लवकर दिसतो.

त्यापुढे वहीत शिरायला शब्दाने पात्र ठरावं लागतं असं समजा. पहिल्यांदा भेटला तर पेन्सिलीने टिंब द्या आणि पुढे जा. तुमच्याच वाचनात दुसऱ्यांदा भेटला तर घ्या. आणि लिहिताना ‘इथे नेमका शब्द हवा होता’ अशी अडचण जाणवली, तर तो शब्द शोधून लगेच घ्या; असा गरजेपोटी आलेला शब्द सगळ्यांत लवकर रुजतो. या चाळणीतून आठवड्याला दहा ते बारा शब्द उरतील. वर्षाचे 500 ते 600 झाले. आकडा लहान वाटेल, पण हे शब्द तुमचे झालेले असतील.

आता मुख्य मुद्दा. शब्द ‘येतो’ म्हणजे काय येतं?

मराठीतच बघा. थंडी कडाक्याची असते, पाऊस मुसळधार असतो, ऊन रणरणतं, झोप गाढ लागते. ‘मुसळधार थंडी’ किंवा ‘गाढ पाऊस’ कोणी म्हणत नाही. व्याकरण अडवत नाही, कान अडवतो. हे आपण यादी करून शिकलेलो नाही. शब्द त्याच्या सोबत्यांसकट कानावर पडत गेला आणि तसाच बसला. इंग्रजीत आपण नेमकं उलट करतो. शब्दाला त्याच्या सोबत्यांपासून तोडून आणतो, त्याच्यापुढे मराठी अर्थ लिहितो आणि मग तो वाक्यात का बसत नाही याचं नवल करतो.

तुमच्या वहीत ‘मिटिगेट’, ‘अलीव्हिएट’, ‘अले’, ‘असुएज’ आणि ‘डिफ्यूज’ हे पाच शब्द असतील तर पाचांपुढेही बहुधा ‘कमी करणे’ किंवा ‘शमवणे’ असंच लिहिलेलं असेल. अर्थ चुकीचा नाही, निरुपयोगी आहे. ‘मिटिगेट’च्या पुढे रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स येतात: घडणारी वाईट गोष्ट टळत नाही, तिची झळ कमी होते. ‘अलीव्हिएट’च्या पुढे पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. ‘अले’ बहुतेक फिअर्स, कन्सर्न्स, सस्पिशन्स यांच्यासाठी. ‘असुएज’ला गिल्ट किंवा ग्रीफ आवडतं. ‘डिफ्यूज’ मूळचा बॉम्ब निकामी करण्याचा शब्द, म्हणून तो टेन्शन किंवा चिघळत चाललेल्या परिस्थितीला लागतो. डोकेदुखी ‘मिटिगेट’ केली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला अर्थ कळेल, पण खडा लागल्यासारखं होईल. तिथे ‘रिलीव्ह’ किंवा ‘ईझ’ हवं.

म्हणून एका शब्दाची नोंद कशी करायची ते ‘मिटिगेट’वरच दाखवतो. आधी तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य जसंच्या तसं. मग त्याच्या पुढे येणारी तीन-चार नामं: रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. मग रचना: या क्रियापदानंतर थेट कर्म येतं, मध्ये शब्दयोगी काही नाही. ‘मिटिगेट अगेन्स्ट’ असं पुष्कळदा लिहिलं जातं, ती ‘मिलिटेट अगेन्स्ट’शी झालेली गल्लत आहे; त्याचा अर्थ ‘एखाद्या गोष्टीच्या आड येणं’ असा वेगळाच. मग घरातले इतर: ‘मिटिगेशन’ हे नाम, शिक्षा सौम्य करायला लावणारी परिस्थिती ती ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’, आणि ‘ॲन अनमिटिगेटेड डिझास्टर’, म्हणजे ज्यात जमेची एकही बाजू नाही असा बट्ट्याबोळ. शेवटी तुमच्या स्वतःच्या कामातलं, खरं असलेलं एक वाक्य. खोटं, सोयीचं वाक्य नको. ते दोन दिवसांत विसरतं. एका शब्दाला अशी पाच मिनिटं लागतात. रोज 20 शब्दांना ती देता येत नाहीत, आणि खरी अडचण हीच होती.

सोबती शोधायला दुभाषी शब्दकोश अपुरा पडतो. परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. त्यात व्याख्या मोजक्या सोप्या शब्दांत असते, क्रियापदापुढे काय येतं ते दिलेलं असतं आणि उदाहरणं खऱ्या लेखनातून घेतलेली असतात. 1987 साली आलेल्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, त्यामुळे व्याख्या वाचतानाच शब्दाची रचना कळते. त्यापुढे ‘स्केल’ (SkELL) नावाचं मोफत संकेतस्थळ आहे: शब्द टाकला की खऱ्या लेखनातली वाक्यं आणि नेहमीच्या जोड्या दिसतात. शंका आली की अंदाज बांधत बसू नका, तिथे पाहा. जोडी वाक्यामागून वाक्यात दिसली तर निर्धास्त वापरा. एकही उदाहरण नसेल तर बहुधा ती मराठीतून उचललेली आहे.

मराठीतून उचललेल्या रचनांची एक ठरलेली टोळी असते. आपण ‘विषयाबद्दल चर्चा’ करतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘एम्फसाइज’ला ‘ऑन’ नको, कारण ‘भर देणं’ त्या क्रियापदातच आहे; ‘ऑन’ नामासोबत येतं, ‘प्लेस एम्फसिस ऑन’. ‘मला सुचवलं’ या सवयीने ‘सजेस्टेड मी टू गो’ होतं. हवं ते ‘सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘सजेस्टेड गोइंग’. मोठा शब्द बरोबर आणि त्यापुढचा छोटा शब्द चुकला, की मोठ्या शब्दाची सगळी मेहनत वाया जाते.

तुमच्या ‘व्हेरी’चा इलाजही जोड्यांमध्येच आहे. ‘व्हेरी सॅड’ऐवजी आणखी अवघड विशेषण शोधू नका, विशेषणाआधी त्याचं नेहमीचं क्रियाविशेषण बसवा: ‘बिटरली डिसअपॉइंटेड’, ‘हायली अनलाइकली’, ‘डीपली कन्सर्न्ड’, ‘पेनफुली स्लो’, ‘वाइडली ॲक्सेप्टेड’. हे शब्द सुटे काढले तर एकही ‘ॲडव्हान्स्ड’ नाही. जोडी म्हणून बसले की वाक्य एकदम जाणत्या माणसाचं वाटतं.

शब्दाचा अर्थ कळला तरी त्याचा कल कळलेला नसतो. ‘कॉज’ म्हणजे ‘घडवून आणणं’ हे शाळेत शिकवतात. पण त्याच्यापुढे जवळजवळ नेहमी नको असलेली गोष्ट येते: डॅमेज, डिले, कन्फ्यूजन. ‘कॉज्ड सक्सेस’ व्याकरणात बसतं, कानाला बसत नाही. ‘सिम्प्लिस्टिक’ म्हणजे सोपं नव्हे, तर जे गुंतागुंतीचं आहे त्याला उगाच सोपं करून टाकलेलं. कुणाच्या मांडणीला कौतुकाने ‘सिम्प्लिस्टिक’ म्हणालात तर ती टीका होईल. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. नोंदीत प्रत्येक शब्दापुढे अधिक, उणे किंवा शून्य एवढी एक खूण करा. चुकीच्या शब्दाने अर्थ बिघडतो, पण चुकीच्या कलाच्या शब्दाने माणूस दुखावतो, म्हणून या खुणेचा आळस करू नका.

शब्दाचा दर्जाही पाहावा लागतो. मराठीत ‘पाणी’, ‘जल’ आणि ‘उदक’ यांचा अर्थ एक असूनही तहान लागल्यावर कोणी उदक मागत नाही. इंग्रजीतही असे थर आहेत. 1066 नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन राज्यकर्ते आले, पुढे लॅटिनमधून विद्वत्तेचे शब्द आले, आणि एकाच अर्थाचे तीन मजले झाले: ‘आस्क’ घरातला, ‘क्वेश्चन’ औपचारिक, ‘इंटरोगेट’ चौकशीच्या खोलीतला. ‘किंगली’, ‘रॉयल’, ‘रीगल’ हेही तसंच. वरच्या मजल्यावरचा शब्द प्रत्येक वेळी चांगला असतो हा समज सोडा. ‘यूज’ पुरत असताना ‘युटिलाइज’, ‘स्टार्ट’ पुरत असताना ‘कमेन्स’ लिहिल्याने लेखन प्रगत होत नाही, जड होतं. समारंभ ‘कमेन्स’ होतो. गाडीचं इंजिन ‘स्टार्ट’च करावं लागतं.

याच्याच उलट बाजूला एक मोठी खाण आहे, जिच्याकडे याद्या पाठ करणारे पाहतच नाहीत: सोप्या शब्दांचे वरचे अर्थ. अग्रलेख वाचताना तुमची दमछाक होते ती दुर्मीळ शब्दांमुळे कमी आणि या शब्दांमुळे जास्त होत असावी. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता, पण ‘ॲड्रेस द प्रॉब्लेम’ म्हणजे प्रश्नाला हात घालणं. ‘वेदर अ क्रायसिस’ म्हणजे संकटातून तग धरून बाहेर पडणं. ‘हार्बर अ ग्रज’ म्हणजे मनात अढी धरणं, ‘कोर्ट काँट्रोव्हर्सी’ म्हणजे वाद ओढवून घेणं, ‘चॅम्पियन अ कॉज’ म्हणजे एखाद्या कार्याची बाजू हिरिरीने लढवणं. ‘क्वालिफाय अ स्टेटमेंट’ म्हणजे विधानाला मर्यादा घालणं. ‘सँक्शन’ तर मंजुरीही आहे आणि निर्बंधही. संदर्भ पाहिल्याशिवाय निवाडा होत नाही. ‘टेबल अ मोशन’चा ब्रिटिश अर्थ ठराव चर्चेला घेणं आणि अमेरिकन अर्थ तो बाजूला ठेवणं, म्हणजे थेट उलटा. असे शब्द डोळ्यांखालून निसटतात, कारण ते ओळखीचे असतात आणि आपण कोश उघडत नाही. वाचताना सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्य लागत नसेल तर तिथे थांबा. हमखास यांतलाच एखादा सापडेल.

आता उजळणी. कार्डं कागदाची करा किंवा अँकीसारखं ॲप वापरा, तत्त्व एकच आहे: विसरायला लागण्याच्या बेतात असताना आठवायचं. कागदावर करायचं तर साधारण 1, 3, 7, 16 आणि 35 दिवसांनी. आठवला तर पुढच्या टप्प्यावर, नाही आठवला तर पुन्हा पहिल्या दिवसावर. कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहू नका. तुम्हाला वापर हवाय, म्हणून पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य आणि पहिलं अक्षर द्या: ‘द न्यू वॉल विल म… द इम्पॅक्ट ऑफ फ्लड्स’. मागे पूर्ण जोडी. उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा, मगच कार्ड उलटा. मनात ‘हो, येतंय’ म्हणून उलटलेलं कार्ड धरायचं नाही.

कार्डांचं काम कोसळतं ते एकाच कारणाने. रोज नव्या कार्डांची जी संख्या ठेवाल, तिच्या साधारण सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोज समोर येते. रोज 20 नवी म्हणजे रोज दीडशे-दोनशे कार्डं. चार दिवस खंड पडला की थकबाकी सहाशेच्या पुढे जाते आणि माणूस ॲप उघडायचंच सोडतो. रोज दोन नवी ठेवा. खंड पडला तर नवी थांबवा, जुनी संपेपर्यंत एकही नवं नको. एखादं कार्ड पाच-सहा वेळा चुकलं तर दोष तुमच्या स्मरणाचा नाही, कार्डाचा आहे. वाक्य बदला किंवा ते फाडून टाका.

आणि जवळच्या अर्थाचे शब्द एकाच आठवड्यात घेऊ नका. वर ‘मिटिगेट’चे पाच भाऊ एकत्र मांडले ते फरक दाखवण्यासाठी, शिकताना एक आधी पक्का करा, दुसरा निदान तीन आठवड्यांनी घ्या. अर्थाने जवळचे नवे शब्द गटाने शिकले तर ते एकमेकांत गुंततात आणि जास्त फेऱ्या लागतात, हे टिंकहॅम यांनी 1993 मध्ये प्रयोगाने दाखवलंय. दिसायला सारख्या शब्दांनाही हेच लागू: ‘एमिनंट’ आणि ‘इमिनंट’, ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’, ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’. विषयवार याद्यांचा हा दोष आहे. त्या नीटनेटक्या दिसतात, म्हणून आवडतात.

धातूंविषयी विचारलंय म्हणून सांगतो. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, ‘डिक्ट’ म्हणजे बोलणं, ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं असे वीस-पंचवीस धातू आणि ‘मिस’, ‘अंडर’, ‘इंटर’ यांसारखे दहा-पंधरा उपसर्ग माहीत असणं चांगलं. भेटलेला शब्द स्मरणात टांगायला खुंटी मिळते: ‘इन्स्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘सर्कमस्पेक्ट’ एका दोरीत येतात. पण धातूवरून अर्थ ओळखायला जाऊ नका. अर्थ शतकानुशतकं सरकत आलाय, धातू मागेच राहिला. शिवाय एकच ‘इन’ कधी नकार देतो आणि कधी नाही: ‘इनव्हिजिबल’मध्ये देतो, ‘इन्फ्लेमेबल’मध्ये देत नाही, त्याचा अर्थ ‘पेट घेणारं’ असाच आहे. एक-दोन आठवड्यांत हा भाग उरकून टाका.

उच्चाराकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, कारण डोळ्यांनी शिकलेला शब्द तोंडाने काढायची भीती वाटते आणि न बोललेला शब्द लिहितानाही मागे राहतो. मराठीत लिहिलं तसं वाचता येतं, ती सवय इथे दगा देते. ‘एपिटोम’ नाही, ‘इपिटमी’. ‘हायपरबोल’ नाही, ‘हायपर्बली’. ‘सटल’मधला ‘बी’ मुका आहे. ‘इन्डाइट’मधला ‘सी’ही. शब्दात आघात कुठे येतो तेही ऐका, कारण रूप बदललं की तो सरकतो: ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अवयवावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. नोंद करताना कोशातला आवाज दोनदा ऐकून तीनदा म्हणा. अर्धं मिनिट पुरतं.

राहिलं ते शब्द हातात उतरवणं. यासाठी माझा सगळ्यांत जास्त भरवसा एका व्यायामावर आहे. आवडलेल्या लेखातला 150 शब्दांचा परिच्छेद घ्या. प्रत्येक वाक्याचा मुद्दा मराठीत तीन-चार शब्दांत टिपून ठेवा. मूळ लेख बाजूला ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फक्त त्या टिपणांवरून तो परिच्छेद इंग्रजीत पुन्हा लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 18व्या शतकात आपलं लेखन जवळपास याच रीतीने सुधारलं होतं. ताडताना तुमच्या आणि मूळ वाक्यातली दरी नेमकी दिसते: तुम्ही ‘मेड द प्रॉब्लेम बिगर’ लिहिलंत, तिथे ‘एक्झॅसर्बेटेड’ होतं, तुम्ही ‘मेनी पीपल थिंक’ लिहिलंत, तिथे ‘इट इज वाइडली असूम्ड’ होतं. ही जोडी त्याच दिवशी कार्डावर जाते. इथे शब्द यादीतून येत नाही, तुमच्याच कमतरतेतून येतो. आठवड्यातून दोनदा हा व्यायाम करा. जास्त नको, कारण तो दमवतो आणि कंटाळा आला की माणूस मुळाकडे चोरून बघू लागतो.

शिवाय स्वतःचं लेखन असेल तेव्हा, एका पानात नवे शब्द दोनच. आधी साध्या भाषेत सगळं लिहून काढा, मग दुसऱ्या फेरीत जिथे शब्द खरोखर पोकळ वाटतोय तिथेच बदला. पहिल्याच फेरीत भारी शब्द पेरायला गेलात तर विचार शब्दांच्या मागे फरफटतो.

वेळेचा हिशेब रोज 40 मिनिटांचा धरा: 20 वाचन, 10 कार्डं, 10 दोन नव्या शब्दांची नोंद. व्यायामाच्या दोन दिवशी नोंद आणि निम्मं वाचन वगळून ती 20 मिनिटं लेखनाला द्या. पहिले सहा आठवडे लेखनात काही फरक दिसणार नाही, वाचनात दिसेल. टिंब दिलेले शब्द सगळीकडे भेटू लागतील. लिहिताना शब्द आपणहून सुचू लागायला तीन-चार महिने जातात, आणि ज्याची वाक्यं तुम्ही स्वतः केलीत तोच आधी सुचतो.

तुमची 1,800 शब्दांची वही टाकून देऊ नका. कुठलीही पाच पानं उघडा, अर्थाचा रकाना झाका आणि 100 शब्द तपासा. ज्याचं नेमकं वाक्य अर्ध्या मिनिटात करता आलं तो खोडा. ज्याचा अर्थ धूसर आठवला पण वाक्य होईना, त्याला टिंब द्या. जो कोराच वाटला त्याला हातही लावू नका. गरजेचा असेल तर वाचनात पुन्हा भेटेल. टिंबवाले बहुधा सगळ्यांत जास्त निघतील. त्यांतले या आठवड्यात दहा घ्या, एकमेकांच्या अर्थाजवळचे नसलेले, आणि त्यातही क्रियापदं आधी घ्या. क्रियापद नीट बसलं की त्याच्यासोबत तीन-चार नामं आपोआप वहीत येतात.